मुलांची बुद्धिमापन चाचणी शिकवायची कशी? सरावाच्या दहा चाचण्या झाल्या, चुका मात्र त्याच

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

मी शालेय मानसशास्त्रज्ञ आहे. अकरा वर्षं हेच काम करते आहे. या वर्षी पहिल्यांदाच माझ्या हाताखाली चार प्रशिक्षणार्थी आले आहेत, पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षातले. त्यांना मुलांची चाचणी घ्यायला, गुण द्यायला आणि रिपोर्ट लिहायला शिकवणं ही माझी जबाबदारी. आम्ही वेक्स्लरची मुलांसाठीची चाचणी वापरतो, २०१४ ची पाचवी आवृत्ती.

सुरुवातीला मॅन्युअल एकत्र वाचलं, मी एक चाचणी घेऊन दाखवली, मग प्रत्येकाला स्वयंसेवक मुलांवर दहा-दहा चाचण्या घ्यायला सांगितल्या. मी स्वतः याच पद्धतीने शिकले होते. मागच्या आठवड्यात चाळीस रेकॉर्ड फॉर्म घेऊन बसले. एकेकाचा पहिला फॉर्म डावीकडे, दहावा उजवीकडे.

चारही जणांचे हात बसले आहेत. साहित्य मांडण्यात चाचपडणं नाही, पानं उलटताना गडबड नाही. पण चुका जशाच्या तशा आहेत. हात बसला तो चुकांसकटच.

एकाच फॉर्मचं सांगते. मुलाचा जन्म १८ नोव्हेंबरचा, चाचणी १७ मार्चची. महिना ३० दिवसांचा धरून वजाबाकी केली की वय येतं ८ वर्षं ३ महिने २९ दिवस. फॉर्मवर लिहिलंय ८ वर्षं ४ महिने. 'एकच दिवस राहिला होता, म्हणून पूर्ण धरला.' पण मानकांचे तक्ते (त्या-त्या वयाच्या मुलांच्या गुणांवरून काढलेले, ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडायचे) चार-चार महिन्यांचे असतात. ८ वर्षं ० महिने ते ३ महिने हा एक तक्ता, ४ ते ७ महिने हा पुढचा. दिवस कितीही असोत, महिना वर ओढायचा नसतो. या एका दिवसामुळे त्या मुलाची तुलना त्याच्याहून मोठ्या मुलांशी झाली आणि काही उपचाचण्यांत त्याचा गुण खाली आला.

त्याच फॉर्मवर शब्दार्थाच्या रकान्यात सलग पाच ठिकाणी नुसते आकडे आहेत, १, २, १, १, ०. मुलाने काय सांगितलं त्याचा एक शब्द नाही. आता तो शून्य बरोबर की चूक हे मी तपासणार कशावरून? आणि वयानुसार जिथून सुरुवात करायची त्या पहिल्याच प्रश्नाला मुलाला दोनपैकी एकच गुण मिळालेला असताना मागच्या सोप्या प्रश्नांकडे न जाता तसंच पुढे जाणं, ही चूक चौघांपैकी तिघांच्या फॉर्मवर आहे.

मला याची इतकी काळजी का वाटते, तेही सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका नऊ वर्षांच्या मुलाची चाचणी घेतली होती. हळू बोलणारा मुलगा. एक-दोन शब्द बोलायचा आणि थांबायचा. तो थांबला की मी उत्तर संपलं असं समजत गेले, गुण दिला, पुढचा प्रश्न विचारला. मॅन्युअलमध्ये अशा अर्धवट उत्तरांपुढे 'विचारा' अशी खूण असते, म्हणजे मुलाला अजून सांगायला लावायचं. घाईत माझं तिकडे लक्षच गेलं नाही. रिपोर्टमध्ये भाषिक आकलनाचा निर्देशांक बराच खाली आला आणि त्याला वेगळ्या वर्गात बसवलं गेलं. दोन वर्षांनी एका सहकारी ताईंनी त्याची पुन्हा चाचणी घेतली. त्यांनी दर वेळी नुसतं 'अजून सांग' म्हटलं आणि तो बोलत राहिला. निर्देशांक सरासरीत आला. माझा जुना फॉर्म त्यांनी मला शांतपणे दाखवला. विचारायला हव्या होत्या अशा सात जागा निघाल्या. त्या मुलाची दोन वर्षं मी परत देऊ शकत नाही.

म्हणून विचारते. किती चाचण्या झाल्या की प्रशिक्षणार्थीला स्वतंत्रपणे बसू द्यावं? तुम्ही व्हिडिओ बघता का? बघत असाल तर त्यात नेमकं काय बघता? आणि मुलाकडे बघायचं कसं, हे शिकवता येतं का? घरची भाषा आणि चाचणीची भाषा वेगळी असलेल्या मुलांचं तुम्ही काय करता, तेही सांगा.

---

दीपमाळ

पाटीपेन्सिल ताई, तुम्ही पहिला आणि दहावा फॉर्म शेजारी ठेवलात, बरेच सुपरवायझर इथपर्यंतही येत नाहीत. मी सव्वीस वर्षं चाचण्या शिकवते आहे. थोडं सविस्तर लिहिते.

दहा हा आकडा चुकीचा नाही. चुकलं ते दहाही एकदम होऊ दिलेत हे. वेक्स्लरच्या चाचण्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर १९८० च्या दशकापासून अभ्यास झाले आहेत. नुसत्या चाचण्या घेत राहिल्याने चुका फारशा कमी होत नाहीत, हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. शब्दशः उत्तर न लिहिणं, विचारायच्या जागी न विचारणं, शाब्दिक उत्तरांना जास्त किंवा कमी गुण देणं, बेरजेत घसरणं. तुमची यादी आणि त्यांची यादी एकच आहे. माझ्याकडे नियम आहे की पहिला फॉर्म तपासून हातात पडल्याशिवाय दुसरी चाचणी घ्यायची नाही. दोन दिवस उशीर झाला तरी चालतो. सलग दोन फॉर्मवर गुणावर परिणाम करणारी एकही चूक नसेल तर खऱ्या मुलाबरोबर बसू देते, तेही मी खोलीत असताना. कुणाला सहा पुरतात, कुणाला चौदा लागतात.

गुणांकनासाठी एक करून बघा. भरलेला फॉर्म घ्या, गुण झाका, नाव, शाळा आणि येण्याचं कारणही झाका. चौघांना स्वतंत्रपणे गुण द्यायला लावा, मग जिथे फरक पडला तिथेच चर्चा करा. झाकायचं अशासाठी की १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅटलर आणि सहकाऱ्यांनी संदिग्ध उत्तरं परीक्षकांपुढे ठेवली होती. उत्तरं हुशार मुलाची आहेत असं सांगितलं तेव्हा गुण जास्त पडले, मंद मुलाची आहेत म्हटल्यावर कमी. उत्तरं तीच. फाइलमधलं 'अभ्यासात मागे' हे वाक्य वाचून आपण खोलीत शिरतो तेव्हा आपल्या पेन्सिलीवर काय ओझं असतं, ते विद्यार्थ्यांना कागदावर दिसायला हवं. नुसतं सांगून पटत नाही.

आता व्हिडिओ. तुम्ही नेमकं विचारलंत, मीही नेमकं सांगते.

आवाज बंद करून एकदा बघायचा. ठोकळ्यांच्या रचनेत प्रशिक्षणार्थीची नजर कुठे आहे? फॉर्मवर असेल तर मूल काय करतंय ते त्याला कळलेलंच नाही. माझी एक विद्यार्थिनी प्रत्येक आकृतीला वेळ बरोबर लिहायची, गुणही बरोबर. व्हिडिओत दिसलं की एका मुलीने आकृती पूर्ण करून हात मांडीवर ठेवले आणि ही खाली मान घालून मागच्या प्रश्नाचा गुण लिहीत होती. मान वर केली तेव्हा घड्याळ थांबवलं. चार सेकंद गेले आणि वेगाचा जादा गुण गेला. फॉर्मवरून हे कधीच कळलं नसतं.

मग डोळे मिटून फक्त आवाज ऐकायचा. अंकस्मरणात, म्हणजे आपण म्हटलेले अंक मुलाने लक्षात ठेवून म्हणायचे तिथे, सेकंदाला एक अंक, सगळे एका सुरात, शेवटच्या अंकाला आवाज किंचित खाली. जवळजवळ सगळे नवशिके फोन नंबर सांगावा तसे दोन-दोनच्या जोड्या करून म्हणतात. जोड्या करणं हे मुलाच्या डोक्याचं काम. ते आपणच करून दिलं तर मोजतोय कुणाची स्मृती? मी मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून रोज पाच मिनिटं अंक म्हणायला लावते. आवाजातच 'बरोबर!' आणि 'व्वा!' सापडतात. उत्तर बरोबर की चूक हे मुलाला कळू द्यायचं नसतं, कारण पुढच्या चुकीच्या उत्तराला तुम्ही गप्प राहिलात की त्याला लगेच समजतं. कौतुक मेहनतीचं करायचं, 'मन लावून करतोयस' एवढं पुरतं.

मुलाकडे बघायला शिकवता येतं का? येतं. ठोकळ्यांतच बघा. दोन मुलांना एका आकृतीला शून्य मिळालं. एक मूल आकृतीकडे न बघता ठोकळे फिरवत राहिलं. दुसऱ्याने निम्मी रचना अचूक लावली, प्रत्येक ठोकळा ठेवण्याआधी चित्राशी ताडून पाहिला आणि वेळ संपली. तक्त्यात दोघं सारखी. म्हणून पाचव्या आवृत्तीत वेगाचा बोनस वगळून आणि अर्धवट रचनेचाही, असे वेगळे गुण काढायची सोय आहे, ती विद्यार्थ्यांकडून वापरून घ्या. आणि समासात लिहायची सवय लावा: कोणत्या हाताने, कुठून सुरुवात, अडल्यावर काय केलं, ओठ हलत होते का. संकेतलेखनात, म्हणजे वरच्या किल्लीत बघून खुणा भरायच्या उपचाचणीत, डावखुऱ्या मुलाचा हात ती किल्ली झाकतो, तेव्हा दुसरी प्रत उजवीकडे ठेवायची असते. हे ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही.

स्वयंसेवक मुलांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. सरावातले गुण पालकांना द्यायचे नाहीत आणि हे संमतीपत्रावर आधीच लिहून घ्यायचं. शिकाऊ हाताचा आकडा घरात गेला की तो कायमचा चिकटतो. ज्या मुलाला लवकरच खरी चाचणी लागेल अशी शंका आहे, त्याच्यावर सराव कधीच नको. काही महिन्यांत तीच चाचणी पुन्हा घेतली की गुण वाढतात, आणि मदत ज्याला हवी त्याचीच गरज झाकली जाते.

---

रानवाट

मी विशेष शिक्षिका आहे. चाचणी घेत नाही, पण तुमचे रिपोर्ट माझ्या टेबलावर येतात, म्हणून लिहिते.

'एकूण बुद्ध्यांक ८४, कार्यकारी स्मृती सरासरीहून कमी' हे वाचून सोमवारी वर्गात मी काय वेगळं करायचं? ८४ म्हणजे ८४ च नाही, १०० सरासरी आणि १५ प्रमाण विचलन असलेल्या मापावर खरी जागा पाच-सहा गुण इकडे-तिकडे असू शकते, हे मला माहीत आहे. पण पालकांना माहीत नसतं आणि बऱ्याच रिपोर्टांत तो पट्टा दिलेलाच नसतो. आई-वडील एक आकडा पाठ करून घरी जातात.

एका रिपोर्टमधलं वाक्य मात्र मी वहीत उतरवून ठेवलंय. 'तीन सूचना एकदम दिल्यावर तिसरी सुटते. त्याच सूचना एकेक करून दिल्यावर तिन्ही पूर्ण केल्या.' त्या दिवसापासून त्या मुलीला मी सूचना तोडून देऊ लागले. असं वाक्य लिहायला जे समासात टिपावं लागतं, ते दीपमाळ ताईंनी वर सांगितलंच आहे.

बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धीची पहिली मोजपट्टी केली ती पॅरिसच्या शाळांतल्या कोणत्या मुलांना वेगळी मदत हवी हे ठरवायला. बुद्धी कायमची ठरलेली असते या समजुतीला बिनेंचा विरोध होता. आकड्यानंतर मदत यायची होती. तुमच्या चौघांना एक-एक दिवस वर्गात बसवा. ज्या मुलाची चाचणी घेतली, त्याच मुलाच्या मागच्या बाकावर.

---

दोनभाषी

भाषेच्या प्रश्नाबद्दल.

आयत्या वेळी भाषांतर करून प्रश्न विचारले तर ती चाचणी मॅन्युअलमधली राहत नाही. शब्दाचं काठिण्य भाषेगणिक बदलतं, आणि मानकं ज्या मुलांवर काढली त्यांना तो प्रश्न तसा विचारलेलाच नव्हता. भाषांतर करावंच लागलं तर माहितीसाठी करा, पण तो आकडा रिपोर्टमध्ये छापू नका.

यावर 'मग अशाब्दिक चाचणी द्या, तिला भाषा-संस्कृती लागत नाही' असं झटकन सांगितलं जातं. पहिलं अर्धं ठीक, दुसरं खरं नाही. रेव्हनच्या आकृत्यांची चाचणी (नक्षीतला सुटलेला तुकडा ओळखायचा) १९३८ ची, शब्द जवळजवळ नाहीतच. पण संशोधक फ्लिन यांनी १९८० च्या दशकात देशोदेशीचे गुण तपासले तेव्हा पिढीगणिक सर्वांत मोठी वाढ अशाच चाचण्यांत सापडली. शाळा, चित्रं, कोडी, परीक्षेची सवय, सगळ्याचा त्यांच्यावर परिणाम होतो. (याच कारणाने जुनी मानकं वापरू नयेत. दशकाला साधारण ३ गुणांची वाढ धरली तर वीस वर्षं जुन्या तक्त्याने मूल सहा गुणांनी हुशार दिसतं आणि मदतीच्या रेषेबाहेर जातं.)

कॅलिफोर्नियात लॅरी पी. खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यांकावरून मतिमंदांच्या वर्गात टाकण्याला मनाई केली. प्रशिक्षणार्थींना हा खटला मी पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो. चाचणी घेण्याआधी मुलाला विचारायचं, घरी कोण कोणत्या भाषेत बोलतं, मनात हिशेब कोणत्या भाषेत करतोस. आणि ते रिपोर्टच्या पहिल्या परिच्छेदात लिहायचं, शेवटी तळटीपेत नाही.

---

नवीनच

मी सध्या शिकतेय, त्यामुळे वरच्या ताई-दादांसमोर लिहायला थोडा संकोच वाटतोय. पण शिकणाऱ्याच्या बाजूने एक सांगते.

आमचे फॉर्म लाल वर्तुळं काढून परत यायचे आणि आम्ही ते एकमेकींना दाखवायचो नाही. शब्दशः उत्तर का लिहीत नाही माहितीये? मूल बोलत असतं, आपण लिहीत असतो, मध्ये शांतता होते आणि ती शांतता सहन होत नाही. वाटतं मुलाला कंटाळा आला, आपल्याला काही येत नाही हे त्याला कळलं. म्हणून आकडा टाकायचा आणि पुढे जायचं. विचारायच्या जागी न विचारण्याचंही तेच. मुलाला पुन्हा विचारलं तर 'तुझं चुकलं' असं वाटेल, या भीतीने आम्ही गप्प बसतो. आमच्या मॅडमनी एकदा त्यांचा स्वतःचा जुना फॉर्म आणला, नाव झाकून, आणि म्हणाल्या, यात माझ्या चुका शोधा. त्या दिवसानंतर मी माझे फॉर्म लपवले नाहीत.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय.

दीपमाळ ताई, झाकलेल्या फॉर्मचा प्रयोग केला. एका शब्दाचा अर्थ सांगताना मुलीने म्हटलं होतं, 'ते असलं की बरं वाटतं, लोकांना लागतं ते.' (शब्द चाचणीतला असल्यामुळे इथे लिहीत नाही.) चौघांनी गुण दिले ०, १, १ आणि २. ज्याने २ दिले तो म्हणाला, तिला कळलंय हे स्पष्ट आहे. जिने ० दिला ती म्हणाली, तिने अर्थ सांगितलाच नाही. मग मॅन्युअल उघडलं. अशा उत्तराला आधी विचारायचं होतं. म्हणजे चौघांनी ज्यावर वाद घातला ते उत्तर पूर्णच झालेलं नव्हतं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता पुढची चाचणी फॉर्म परत मिळाल्याशिवाय नाही, हा नियम केला आहे. मेट्रोनोम आणलाय. वर्गात बसण्याचे दिवस ठरले आहेत, रानवाट ताई. दोनभाषी दादा, पहिल्या परिच्छेदाचा साचा बदलला.

नवीनच, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. शांततेचं मला सुचलं नव्हतं. आता सरावात जोडीदारासमोर दहा सेकंद न बोलता लिहीत राहायचं, एवढंच आम्ही वेगळं करून घेतो. पहिल्या दिवशी कुणालाच जमलं नाही, चौथ्या दिवशी जमलं.

आणि माझा एक फॉर्म मी त्यांच्यापुढे ठेवला. जुना नाही, गेल्या महिन्यातला, नाव आणि तारखा झाकून. अर्ध्या तासाने, ज्या मुलीने महिना वर ओढला होता ती हळूच म्हणाली, 'मॅडम, साम्याच्या उपचाचणीत अकराव्या प्रश्नाला तुम्ही अजून विचारलेलं नाही.' बघितलं, खरंच विचारलं नव्हतं. त्या ठिकाणी एक गुण वाढू शकला असता. रिपोर्ट अजून माझ्याकडेच होता. त्यात ती नोंद घातली आणि मगच पाठवला.